जंतू असल्याचा दाखला

माझ्याविरुद्ध आजवर एकच सरकारी तक्रार झालेली आहे, आणि ती मीच केलेली आहे. तिची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. तक्रारदाराच्या रकान्यात माझं नाव, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या रकान्यात माझंच नाव, आणि तक्रारीचा विषय दही. आमच्या इमारतीत लोक ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. सांगू देत. मी एक शब्दही मागे घेणार नाही. फक्त ते सांगतात तेव्हा अर्धं सांगतात, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

माझी मुलगी क्षेमा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. क्षेम म्हणजे खुशाली, म्हणून हौसेनं नाव ठेवलं, आणि दोन हजार सात हे अख्खं साल तिनं नाक वाहण्यात घालवलं. माझ्याकडे वही आहे. (माझ्याकडे सगळ्याचीच वही असते. माझा नवरा प्रमोद म्हणतो, तू शिंकांचीसुद्धा नोंद ठेवशील. ठेवलेली आहे.) वहीप्रमाणे त्या वर्षात सर्दीताप अकरा वेळा, त्यात अँटिबायोटिकची बाटली नऊ वेळा. प्रत्येक बाटलीमागे जुलाब, जुलाबामागे चार दिवस बरे, आणि मग पुन्हा नाक.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कच्च्या नोकरीवर होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मार्चअखेर ठरणार होतं. ग्रंथपाल सरांनी डिसेंबरातच सांगून टाकलं होतं, "मॅडम, आता मार्चपर्यंत रजा हा शब्द तोंडातून काढू नका." इकडे बदलापुरात क्षेमा दिवसभर ज्यांच्या पाळणाघरात असे, त्या मालिनीताईंनी सांगितलं होतं, "यशोधरा, आणखी एकदा ताप आला ना, की मी नाव काढते. माझ्याकडे बारा मुलं आहेत. अकरांना मी काय सांगू?" म्हणजे एक ताप आला की क्षेमाचं पाळणाघर जाणार, आणि पाळणाघर गेलं की माझी नोकरी.

म्हणून डॉक्टर बदलले. नवे डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. माझ्या आयुष्यात असं करणारा हा पहिलाच पुरुष. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "नऊ बाटल्या? हिच्या पोटात आता कुणी उरलंय का?"

मी घाबरून क्षेमाच्या पोटाकडे बघितलं.

"अहो, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक सज्जन. बिऱ्हाड करून राहतात, आपलं अन्न पचवायला मदत करतात आणि खोल्या अडवून बसतात, म्हणून गुंडांना जागा मिळत नाही. शिवाय शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींची फार मोठी छावणी आतड्याभोवतीच असते. आपला कोण आणि परका कोण, हे त्या पेशी या जुन्या भाडेकरूंकडे बघून शिकतात. तुम्ही नऊ वेळा सज्जनांसकट इमारत रिकामी केलीत."

"मी नाही केली, आधीच्या डॉक्टरांनी—"

"साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. लागेल तेव्हा मी देईन, आणि तेव्हा कुरकुर न करता पूर्ण द्यायचं. तोवर घरचं दही, ताक, केळं, भाज्या, डाळी, नाचणी. औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून. चमत्काराची वाट बघू नका."

प्रमोद अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. त्याला यातलं 'छावणी' एवढंच आवडलं. रस्ताभर तो क्षेमाच्या पोटाला सलाम ठोकत होता.

दही लावणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं सगळे म्हणतात. ज्या ज्या गोष्टींबद्दल सगळे असं म्हणतात त्या मला जमत नाहीत. सायकल, दोन वेण्या आणि नणदेशी बोलणं, ही आणखी उदाहरणं. त्यातून जानेवारी. बदलापुरात थंडी पडते हे मुंबईकरांना खरं वाटत नाही. त्यांनी आमच्याकडे येऊन एकदा दूध विरजून बघावं. सकाळी झाकण काढलं की दूध जसंच्या तसं, फक्त जरा नाराज.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे अण्णा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "देठासकट हिरवी मिरची टाका दुधात." टाकली. दही लागलं नाही, मिरची मात्र लागली. समोरच्या वाधवानी आंटी उल्हासनगरात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "बेटी, इसको बच्चे जैसा सुलाने का. गरम कपडे में लपेट के." मी पातेलं प्रमोदच्या तपकिरी स्वेटरमध्ये गुंडाळलं. ते रात्रीतून पाझरलं. सकाळी घाईत तोच स्वेटर घालून प्रमोद कामावर गेला. दारूगोळ्याच्या कारखान्यात अनोळखी वासाची फार गंभीर दखल घेतात. त्याला गेटवर वीस मिनिटं उभं केलं आणि दोन जणांनी आळीपाळीनं वास घेतला. संध्याकाळी तो मला एवढंच म्हणाला, "यशू, माझी पंधरा वर्षांची सर्व्हिस आहे गं."

त्यावर अण्णांनी तोडगा काढला. आमचा टीव्ही जुना, पाठीला कुबड असलेला. तो चालू असला की वरून चांगला तापतो. "पातेलं टीव्हीवर ठेवा," अण्णा म्हणाले, "सध्या ऑस्ट्रेलियात कसोटी चालू आहे. पहाटे पाचला सुरू होते. दुपारपर्यंत दही घट्ट." अण्णांचा स्वतःचा टीव्ही त्याच आठवड्यात बिघडलेला होता, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते स्वतःची उशी घेऊन हजर. आपला गडी बाद झाला की "बंद करा हो तो टीव्ही, बघवत नाही!" म्हणून ओरडायचे, आणि मी रिमोट ओढणीखाली दाबून धरायची. भारत हरला तरी चालेल, टीव्ही चालला पाहिजे, असं देशद्रोही मन मी त्या महिन्यात बाळगलं होतं. त्यातही साडेआठला लोडशेडिंग. मॅच अर्धी आणि दही अर्धं.

"मुळात विरजणच फुसकं आहे तुमचं," शेवटी अण्णांनी निकाल दिला. "कुळगावात ठमाबाईकडे जा. म्हशी आहेत तिच्या. चाळीस वर्षं तिचं विरजण तुटलेलं नाही."

चाळीस वर्षं! माझ्या वयापेक्षा जास्त. मी त्याच दिवशी कामावरून परस्पर कुळगावात गेले. ठमाबाई गोठ्यात वैरण टाकत होती. मी वाटी पुढे केली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग गोठ्यातल्या पेटलेल्या दिव्याकडे.

"दिवा लागला. आता विरजण देत नाय."

"ठमाबाई, मी कामावरून सुटते तेव्हा रोज दिवा लागलेलाच असतो."

"मग रविवारी ये."

"रविवारी असता तुम्ही?"

"नाय. रविवारी मी वांगणीला, लेकीकडं."

आमच्या घरात असल्या समजुतींना थारा नाही. यावर मी न थांबता पंधरा मिनिटं बोलू शकते, आणि बोलले. माणसानं विचार करावा, कारण विचारावं, दिवा आणि दही यांचा काय संबंध. ठमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हशीनंही ऐकलं. मग ठमाबाई म्हणाली, "झालं बोलून? हे बघ पोरी. मी देत नाय. तू घे. मी तोंड फिरवते."

आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी गाडग्यातून दोन चमचे घेतले. मला चोरी केल्यासारखं वाटलं, पण दोघींचीही तत्त्वं शाबूत राहिली. निघताना ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "एकटीनं ठेवू नको. चार जणींना दे." मी हो म्हटलं आणि दिलं नाही. खरं सांगायचं तर मला दुसऱ्यांच्या चमच्यांची भीती वाटत होती. वाधवानी आंटी वाटी घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "आंटी, ये दवाई का है." वाटी रिकामी गेली. पुढचे दोन दिवस आंटींचं दार जरा जोरात लागत होतं.

दही मात्र असं लागलं, की सुरीनं कापावं. क्षेमा वाटी चाटून पुसून खायची. मी आनंदानं तिच्या डब्यात दहीभात दिला, वर गाजराचा कीस. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. पाळणाघराच्या दाराला नवी पाटी होती: डब्यात दही, ताक, केळे व आंबट पदार्थ आणू नयेत. हुकमावरून.

"थंडीत दही?" मालिनीताई म्हणाल्या. "आधीच वाहणारं पोर! कॉलेजात शिकलीस ना तू?"

इथे कुणी म्हणेल, मग घरी भरवायचं. जरूर. सकाळी सहाला क्षेमा डोळे उघडत नाही आणि संध्याकाळी साडेसातला ती मिटते. दिवसातलं खरं जेवण होतं ते मालिनीताईंकडेच. मी डॉक्टरांची चिठ्ठी नेली. मालिनीताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"यात 'दही द्यावे' लिहिलंय. 'हे दही द्यावे' कुठे लिहिलंय? तुझ्या घरच्या दह्यात चांगले जंतू आहेत की वाईट, मला काय ठाऊक? मागच्या वर्षी एका पोराला उलटी झाली तर त्याचा मामा नगरसेवकाला घेऊन आला होता माझ्या दारात. सरकारी लेखी आण, मग बघू."

त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण 'सरकारी लेखी आण' हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं ना, त्या सुरात माणूस 'चंद्र आण' म्हणतो. मी म्हटलं, आणते.

जवळजवळच्या तीन गावांपैकी कोणत्या गावच्या आरोग्य विभागात मी गेले, ते सांगणार नाही. जेवणाच्या सुट्टीत गेले होते, एवढं सांगते, आणि तिथेही जेवणाचीच सुट्टी होती. ती संपल्यावर सुदामराव नावाचे कारकून आले.

"कशाचा दाखला?"

"दह्यात जंतू आहेत असा."

"म्हणजे तक्रार."

"नाही, तक्रार नाही. जंतू असायलाच हवेत. ते आहेत एवढं तुम्ही लिहून द्यायचं."

सुदामरावांनी माझ्याकडे, मग हातातल्या बरणीकडे बघितलं. "मॅडम, मी इथे बावीस वर्षं आहे. लोक जंतू नाहीत असा दाखला मागतात. जंतू आहेत असा फॉर्म छापलेलाच नाही. जंतू आहेत म्हटलं की तक्रारीचा फॉर्म."

"मग तपासायचं कसं?"

माणूस मनानं चांगला होता. "एक रस्ता आहे. तक्रार नोंदवली की तपासणी होते, तपासणी झाली की अहवाल येतो. तुम्हाला अहवालाशी मतलब ना? भरा. तक्रारदार कोण?"

"मी."

"कोणाविरुद्ध? दही बनवणाऱ्याचं नाव लिहा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"बनवते मीच."

सुदामरावांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पेन ठेवलं. "मी काही सांगितलं नाही. तुम्ही काय लिहायचं ते लिहा. मी तिकडे बघतो." आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. तोंड फिरवण्याची कला फक्त गोठ्यातच शिकवतात असं नाही. मी माझ्याविरुद्ध माझी तक्रार लिहिली, सही केली, शिक्का मारून घेतला आणि पळत कॉलेजात पोचले. सात मिनिटं उशीर.

पोच दाखवली तेव्हा मालिनीताईंचा चेहरा जरा सैल झाला. "बाई गं, तू खरंच गेलीस! बरं, अहवाल येईपर्यंत एक करू. दही दे हवं तर. पण बाकीच्या मुलांना दिसायला नको, ती मागतील. क्षेमाला आमची मावशी तिकडे मोरीपाशी बसवून भरवेल. मी बघितलं नाही असं समजते. मी तोंड फिरवते."

मालिनीताईंच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी आपल्या परीनं मेहेरबानी केली होती. पण माझ्या आजीनं 'तिकडे बस आणि खा' हे अर्धं आयुष्य ऐकलं होतं आणि छप्पन साली ऐकायचं बंद केलं होतं. तिची पणती आता मोरीपाशी बसून दहीभात खाणार नव्हती. तो जगातला सगळ्यात पौष्टिक दहीभात असला तरी.

"नको," मी म्हटलं. "खाईल तर सगळ्यांबरोबर ओळीत बसून खाईल."

"मग खाणार नाही."

"नाही खाणार. सध्या."

घरी येऊन मी अर्धा तास भांडी घासली. ती घासलेलीच होती. आता मुद्दा क्षेमाच्या पोटाचा तर होताच, पण ती कुठे बसून खाणार, हाही होता. माघार घ्यायला मला जागाच उरली नव्हती, आणि खरं म्हणजे नकोच होती.

पुढच्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती; सकाळी दारावर निरीक्षक आले. हातात फाईल, बगलेत बाटल्या. अण्णा उशीवर बसून मॅच बघत होते.

"विनापरवाना दुग्धजन्य पदार्थ तयार होतात अशी तक्रार आहे. दही कुठे तयार करता?"

"टीव्हीवर."

त्यांनी बघितलं. पातेलं मफलर गुंडाळून टीव्हीवर विराजमान होतं. त्यांनी लिहिलं, 'दूरचित्रवाणी संचावर'. मग म्हणाले, "बनवणारी व्यक्ती?"

"मी."

"तक्रारदार?"

"मीच."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं, पाणी मागितलं, प्यायले. आवाज अगदी घरच्यासारखा करून म्हणाले, "बाई, मग तुम्ही आपसात मिटवा ना."

"नाही मिटवणार," मी म्हटलं.

"बघा हं. स्वतःच्या विरुद्ध निकाल लागू शकतो."

"लागू दे. पण लेखी पाहिजे."

मग सगळं कायद्यानं झालं. दही तीन बाटल्यांत भरलं, तोंडं बांधली, लाखेनं मोहोर केली. लाख आमच्याच गॅसवर वितळवली. पंच म्हणून अण्णांनी सह्या केल्या, तिन्ही वेळा नजर धावफलकावर ठेवून. तीन बाटल्या भरेपर्यंत पातेलं रिकामं झालं. उद्याच्या विरजणासाठी मी वाटीत दोन चमचे काढून ठेवले होते, तेही शेवटच्या बाटलीत गेले. नियमाप्रमाणे कमी भरत होतं.

निरीक्षक जिना उतरले आणि मी रिकाम्या पातेल्याकडे बघत बसले. चाळीस वर्षांची अखंड परंपरा माझ्याकडे येऊन तीन आठवड्यांत तुटली होती. तीसुद्धा माझ्याच तक्रारीवरून.

त्याच संध्याकाळी कुळगावात गेले. दिवा लागलेला होताच.

"तुटलं?" ठमाबाईनं विचारलं.

"तुटलं. तुमचं चाळीस वर्षं टिकलं, ठमाबाई, आणि माझं—"

ती एवढी हसली की म्हशीनं मान वळवली. "माझं? दहा वेळा तुटलं असंल! म्हशी आटल्या तवा तुटलं. सुनेनं सगळ्याची कढी केली तवा तुटलं. तुटलं का ज्यांना दिलंय त्यांच्याकडनं वाटीभर आणते. म्हणून तर देते. तू किती जणींना दिलंस?"

मी म्हशीकडे बघितलं. म्हशीनं माझ्याकडे बघितलं.

"हं," ठमाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "घे. मोठा डबा आण पुढच्या टायमाला."

दुसऱ्या दिवशी दही लागलं तसं मी पहिली वाटी समोरच्या दारात नेली. वाधवानी आंटींनी वाटीकडे बघितलं. "अब दवाई का नहीं है?"

"नहीं आंटी. दही है."

त्यांनी वाटी घेतली, मला आत ओढलं आणि पोळीच्या चुऱ्याचा गुळातुपात लाडू वळून दिला. दार हळूच लागलं.

मग मी पाळणाघराच्या फाटकापाशी उभी राहायला लागले. मुलांना न्यायला येणाऱ्या सगळ्याजणी नोकरीवाल्या. दिवे लागल्यावरच भेटणाऱ्या. आतापर्यंत आम्ही एकमेकींना फक्त 'झोपला होता का' आणि 'शी केली का' एवढंच विचारत होतो. वही बाहेर काढल्यावर कळलं, की बाटल्या सगळ्यांच्याच घरी आहेत. एकीकडे सात, एकीकडे आठ. हिमानी नावाची एक टेलिफोन ऑफिसातली मुलगी तर माझ्या पुढे गेलेली, तिच्याकडे दहा. मी प्रत्येकीला डॉक्टरांची गोष्ट सांगितली, भाडेकरूंची आणि छावणीची. आणि प्रत्येकीला वाटी दिली, हातानं, समोर बघून. कुणाचंही काही वाईट झालं नाही. एकीचं दही लागलं नाही, पण तिनं टीव्ही नवा पातळ घेतलेला होता.

दरम्यान फेब्रुवारीत क्षेमाचं नाक वाहायला लागलं. मालिनीताई रोज सकाळी दारात तिच्या कपाळाला हात लावून बघायच्या आणि मी श्वास धरून त्यांच्या हाताकडे. डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी. औषध नाही. झोप, कोमट पाणी आणि तुम्हाला धीर." पहिली दोन मिळाली. ताप आला नाही. पाचव्या दिवशी नाक कोरडं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सर्दी आपल्या पायानं आली आणि आपल्या पायानं गेली, बाटली न उघडता. हे दह्यानं झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही मला म्हणू दिलं नाही. "वाढतं वय, केळी, नाचणी, नशीब, काहीही असेल," ते म्हणाले. पण वहीत मी त्या पानावर लाल पेनानं चौकट केली. वही माझी आहे.

त्यानंतरच्या सोमवारी बारा मुलांच्या बारा डब्यांत दहीभात होता. त्या दिवशी कॉलेज सकाळीच सुटलं होतं, म्हणून मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला रिक्षा करून आले. मालिनीताई एकेक डबा उघडत होत्या आणि बंद करत होत्या. बारावा क्षेमाचा. तो उघडून त्या माझ्याकडे वळल्या.

"हे तू केलंस."

"बाराजणींनी केलं."

"यशोधरा, अहवाल यायचाय अजून. आणि पाटी आहे दारावर."

"हो. मावशींना सांगा, सगळ्यांना मोरीपाशी बसवा. मावतील का बघा."

मोरी तीन बाय तीन फुटांची होती. मालिनीताईंनी मोरीकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. मुलांनी तोवर चमचे वाजवायला सुरुवात केली होती. "बरं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "बसा ओळीत. मी काही बघितलं नाही. मी तोंड—"

"नाही, मालिनीताई. इकडे बघायचं. कोण किती खातं ते बघायचं. कुणाला त्रास झाला तर आम्हाला सांगायचं. तोंड फिरवून नाही."

त्या बघत राहिल्या. क्षेमा ओळीत तिसरी बसली होती. तिच्या हनुवटीवर गाजराचा कीस होता. तिनं वर बघून मोठ्यानं सांगितलं, "आमचं दही टीव्हीवर लागतं!" बाकीच्यांना हे एवढं आवडलं की दोघांनी भात सांडला.

अहवाल मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला, टपालानं, आणि अण्णांनी तो जिन्यातच मोठ्यानं वाचला. 'नमुन्यात दही या पदार्थात अपेक्षित असे जिवंत जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले. अपायकारक जंतू आढळले नाहीत. पदार्थ विक्रीसाठी नसल्याने परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब तक्रारीत तथ्य आहे, मात्र दोष आढळत नाही.' असा निकाल मला आयुष्यात कुणी दिलेला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. पाकिटात दोन प्रती होत्या, एक तक्रारदारासाठी आणि एक सामनेवाल्यासाठी. तक्रारदाराची मी लॅमिनेट करून टीव्हीच्या वरच्या भिंतीवर लावली. सामनेवाल्याची घेऊन पाळणाघरात गेले आणि त्या पाटीच्या शेजारी चिकटवली. पाटी काढायला मी सांगितलं नाही. चार दिवसांनी ती आपसूक गेली होती.

मार्चअखेर मला कायम केलं. जानेवारीपासून रजा शून्य, उशीर एकदा, सात मिनिटं. ग्रंथपाल सरांनी त्या सात मिनिटांचं कारण विचारलं. मी म्हटलं, "सर, स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवायला गेले होते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

त्याच दिवशी संध्याकाळी क्षेमाला घ्यायला गेले तेव्हा सगळी मुलं गेली होती. मालिनीताई दारात उभ्या होत्या, पदराखाली काहीतरी धरून. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"अगं, ते... माझा नातू आलाय. नाक वाहतंय सारखं." पदराखालून स्टीलची वाटी बाहेर आली. ती माझ्यापुढे धरून त्या दुसरीकडेच, फाटकाकडे बघत होत्या.

त्या दिवशी माझ्या पिशवीत विरजणाचा डबा होता. हल्ली असतोच. मी झाकण उघडलं.

"मालिनीताई," मी म्हटलं, "इकडे बघा."

त्यांनी बघितल्यावरच मी चमचाभर विरजण त्यांच्या वाटीत सोडलं.